हवा किती आणि दाब किती?
गाडीला मोठा सुपरचार्जर बसवण्यामागचे भौतिकशास्त्र

एक लीटर पेट्रोल पूर्ण जळायला किती हवा लागते? नववी-दहावीच्या वर्गात हा प्रश्न टाकून पाहा. 'दहा लीटर', 'पन्नास लीटर' अशी उत्तरे येतील. आपण हिशेब करू. एक किलोग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ किलोग्रॅम हवा लागते. एक लीटर पेट्रोलचे वस्तुमान पाऊण किलोग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे त्याला सुमारे ११ किलोग्रॅम हवा हवी. आपल्या भोवतालची एक लीटर हवा भरते जेमतेम १.२ ग्रॅम. तेव्हा उत्तर येते सुमारे ९,००० लीटर! दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच अशी एक खोलीभर हवा.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. इंजिनाची शक्ती वाढवायची तर अडचण पेट्रोलाची नसते. पेट्रोल हवे तेवढे फवारता येते. अडते ते हवेपाशी. १.६ लीटरचे चार फेरी इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढते, म्हणजे एका फेरीमागे ०.८ लीटर. त्याहून जास्त हवा आत घालायची असेल तर ती कोणीतरी आत ढकलली पाहिजे. हे काम इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा एक पंप करतो. त्याला सुपरचार्जर म्हणतात. (टर्बोचार्जरही हेच काम करतो, पण त्याला फिरवतो तो धुराड्यातून बाहेर पडणारा गरम वायू.)

मूळ सुपरचार्जर काढून त्या जागी मोठा बसवणे हा परदेशांतल्या हौशी मंडळींचा जुना उद्योग आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेत जीएमसीच्या डिझेल इंजिनांवरचे '६-७१' नावाचे पंप उतरवून ते मोटारींच्या आठ सिलिंडरच्या इंजिनांवर चढवले जात. सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंच, हा त्या नावाचा अर्थ. ते डिझेल इंजिन दोन फेरी असल्यामुळे जळलेला वायू बाहेर लोटायला त्याला पंप लागतच असे. एका यंत्राचा पंप दुसऱ्या यंत्रावर बसवायचा तर मध्ये खास बनवून घेतलेला जोडतुकडा, म्हणजे अॅडॅप्टर, आलाच.

या उद्योगात एक समजूत फार पक्की असते : मोठा पंप म्हणजे जास्त दाब आणि जास्त दाब म्हणजे जास्त शक्ती. आपले विद्यार्थीही असेच उत्तर देतील. ही साखळी कुठे तुटते ते पाहण्यासाठी एक खरे उदाहरण घेऊ.

रहाट आणि दोन रोटर

२००१ ते २००६ या काळात तयार झालेली मिनी कूपर एस ही छोटी गाडी आपले उदाहरण. इंजिन १.६ लीटरचे. त्यावर ईटन कंपनीचा 'एम ४५' हा सुपरचार्जर असे. या नावातला आकडा म्हणजे पंप एका फेरीत किती घन इंच हवा पुढे सरकवतो तो आकडा. ४५ घन इंच म्हणजे ०.७४ लीटर. याच मालिकेतला मोठा भाऊ 'एम ६२' एका फेरीत १.०२ लीटर हवा सरकवतो. अनेक हौशी लोकांनी मिनीवर एम ४५ च्या जागी एम ६२ बसवला आहे.

हे पंप रूट्स जातीचे आहेत. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या बंधूंनी १८६० साली या रचनेचे पेटंट घेतले. लोखंडाच्या भट्ट्यांना हवा पुरवण्यासाठी ती पुढे खूप वापरली गेली. लंबगोल कवचात दोन रोटर एकमेकांत गुंतून उलटसुलट फिरतात. त्यांच्या पाळ्या एकमेकींना किंवा कवचाला शिवत नाहीत. मध्ये केसाएवढी फट असते. पाळी आणि कवच यांच्यामधल्या पोकळीत सापडलेली हवा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेली जाते, एवढेच.

येथे आपला विहिरीवरचा रहाट आठवावा. रहाटाच्या एका फेऱ्यात ठरावीक गाडगी भरून पाणी वर येते आणि पन्हळीत ओतले जाते. पन्हळीच्या पुढचा पाट रुंद असेल तर पाणी लगेच वाहून जाते. पाट अरुंद असेल तर ते पन्हळीत तुंबते आणि पातळी चढते. रहाट पातळी तयार करत नाही, तो पाणी आणतो. पातळी किती चढायची हे पाट ठरवतो.

रूट्स पंपाचे तसेच आहे. तो हवा आणतो. मिनीत पंप इंजिनाच्या सुमारे दुप्पट वेगाने फिरतो, म्हणून इंजिनाच्या एका फेरीत तो १.४७ लीटर हवा पुढे सारतो. यातली थोडी फटींतून मागे गळते. इंजिनाची स्वतःची भूक मात्र ०.८ लीटरचीच. मग उरलेली हवा मधल्या नळीत दाटते आणि तिचा दाब चढतो. दाटलेल्या हवेचे ०.८ लीटर म्हणजे जास्त वस्तुमान, म्हणून इंजिनाला जास्त प्राणवायू मिळतो. दाबमापकावर दिसतो तो आलेल्या आणि गेलेल्या हवेचा मेळ. उद्या कोणी इंजिनाच्या झडपांचे मार्ग मोकळे केले तर तोच पंप, तोच वेग असूनही दाब कमी दिसेल आणि शक्ती मात्र वाढलेली असेल!

दाबमापक काय सांगत नाही

सायकलला हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते, हा सर्वांचा अनुभव. हवा दाबली की तापते. मिनीच्या मूळ पंपाने नळीतला दाब वातावरणाच्या सुमारे १.८ पट होतो. बाहेरची हवा २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्विन, धरू. उष्णता बाहेर जाऊ न देता आणि काहीही नासाडी न करता हवा दाबली, तर केल्विनमधले तापमान दाबाच्या गुणोत्तराच्या ०.२८६ व्या घाताइतके पट होते. १.८ चा ०.२८६ वा घात १.१८ येतो. म्हणजे हवा ३५५ केल्विनपर्यंत, ८२ अंश सेल्सिअसपर्यंत, तापते. ही झाली आदर्श पंपाची गोष्ट.

प्रत्यक्षात फटींतून गळलेली हवा पुन्हा पुन्हा दाबावी लागते आणि घुसळणीतही ऊर्जा जाते. पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर तापमानातली वाढ ५५ ऐवजी ९२ अंश होते. हवा बाहेर पडते ती सुमारे १२० अंशांवर! आता घनता काढू. दाब १.८ पट, पण तापमान ३०० वरून ३९२ केल्विन. म्हणून घनता १.८ × ३०० ÷ ३९२ = १.३८ पट. दाब ८० टक्के वाढला, हवा मात्र ३८ टक्केच वाढली.

म्हणून पंप आणि इंजिन यांच्यामध्ये हवा थंड करणारी जाळी, इंटरकूलर, असते. मिनीच्या बॉनेटवर दिसणारे आडवे तोंड तिला वारा पुरवण्यासाठीच आहे. हवा ५७ अंशांपर्यंत उतरली तर घनता १.६४ पट होते.

हा हिशेब वास्तवाशी कितपत जुळतो? याच इंजिनाची सुपरचार्जर नसलेली आवृत्ती साधी कूपर या गाडीत होती. तिची शक्ती सुमारे ११५ अश्वशक्ती. कूपर एसची सुरुवातीला १६३. वाढ ४२ टक्के. आपण काढलेल्या ६४ टक्क्यांपेक्षा ही कमी का, याची दोन कारणे सहज सांगता येतात. पहिले, पंप फुकट फिरत नाही. सहा हजार फेऱ्यांना इंजिन सेकंदाला सुमारे ०.१३ किलोग्रॅम हवा घेते. एवढी हवा ९२ अंशांनी तापवायला १२ किलोवॅट, म्हणजे सुमारे १६ अश्वशक्ती लागते. ती पट्ट्यातून, म्हणजे इंजिनाकडूनच येते. दुसरे, गरम आणि दाटलेली हवा आणखी दाबताना इंजिनात अवेळी स्फोट होऊ नये म्हणून कूपर एसचे दाबगुणोत्तर ८.३ ठेवले होते. साध्या कूपरचे १०.६ होते. दाबगुणोत्तर घटले की इंजिनाची कार्यक्षमताही थोडी घटते.

लहान पुली की मोठा पंप?

आता समजा, आणखी दहा टक्के हवा हवी आहे. त्याला दोन रस्ते आहेत.

पहिला स्वस्त रस्ता म्हणजे सुपरचार्जरची पुली लहान करणे. पुली लहान झाली की तोच पंप जास्त वेगाने फिरतो. इंजिन ६,००० फेऱ्यांवर असताना पंप पूर्वी मिनिटाला १२,००० फेरे घेत होता, आता १३,००० च्या वर जाईल. पण पंपाला हवा आत घ्यायलाही वेळ लागतो. वेग फार वाढला की पोकळ्या पूर्ण भरत नाहीत, घुसळण वाढते, कार्यक्षमता घसरते. शिवाय लहान पुलीला पट्ट्याचा वेढा कमी मिळतो आणि पट्टा घसरू लागतो.

दुसरा रस्ता म्हणजे मोठा पंप. एम ६२ ला इंजिनाच्या १.६ पट वेगाने फिरवले तर इंजिनाच्या एका फेरीत तो १.६३ लीटर हवा सारतो. मूळच्या १.४७ पेक्षा हे ११ टक्के जास्त. आणि पंपाचा वेग मात्र १२,००० वरून ९,६०० वर उतरला! मोठ्या पंपाचा खरा फायदा हा आहे. जास्त हवा, पण सावकाश आणि म्हणून कमी तापवून.

येथेच हौशी माणूस फसतो. तो मोठा पंप बसवतो आणि गुणोत्तर जुनेच, दोन, ठेवतो. मग पंप एका फेरीला २.०३ लीटर हवा आणू लागतो, ३८ टक्के जास्त. गळती सोडून दिली तर नळीतला दाब १.८ वरून अडीच वातावरणांच्या जवळ जाईल. मूळ इंजिन यासाठी घडवलेलेच नाही.

मग अजून मोठा पंप अजून सावकाश का फिरवू नये? कारण गळती. फटीतून किती हवा मागे जाईल हे फटीच्या आकारावर आणि दाबाच्या फरकावर अवलंबून असते. पंप सावकाश फिरला म्हणून गळती त्या मानाने कमी होत नाही. रहाटाची गाडगी फुटकी असतील आणि बैल रेंगाळत चालला, तर वर पोहोचेपर्यंत निम्मे पाणी विहिरीतच सांडेल. म्हणजे प्रत्येक पंपाला सोयीच्या वेगाचा एक पट्टा असतो, फार कमीही नाही आणि फार जास्तही नाही. पंपाची निवड म्हणजे हा पट्टा आपल्या इंजिनाशी जुळवणे.

मधला तुकडा

कागदावर पंप निवडला. तो गाडीत बसत नाही, कारण कवच मोठे, बोल्टांची भोके वेगळ्या जागी, हवेची तोंडे वेगळ्या आकाराची. मधला अॅडॅप्टर म्हणजे दोन बाजूंना दोन तऱ्हेची भोके असलेली जाड पाटी, असे वरवर दिसते. पण त्याला चार कामे एकदम करावी लागतात.

पहिले काम हवेला वाट देण्याचे. पंपाच्या तोंडाचा आकार एक आणि पुढच्या नळीचा दुसरा. मध्ये पायरी राहिली तर हवा तेथे भोवरे करते आणि दाब वाया जातो. म्हणून आतला मार्ग एका आकारातून दुसऱ्यात हळूहळू उतरता घडवावा लागतो.

दुसरे काम पुली एका प्रतलात ठेवण्याचे. सगळ्या पुल्यांवरून एकच खाचांचा पट्टा धावतो. दोन पुल्यांमधले अंतर २०० मि.मी. आणि एक पुली फक्त १ मि.मी. पुढे आली, तर पट्टा सुमारे ०.३ अंशाने तिरका होतो. एवढ्यानेही तो किंचाळू लागतो आणि खाचांच्या कडा झिजतात. पाटीची जाडी एक मिलीमीटर चुकली तर ती चूक थेट पट्ट्यावर जाते.

तिसरे काम उष्णता सोसण्याचे. अॅल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे ०.०२३ मि.मी. वाढते, पोलाद त्याच्या निम्मे, ०.०१२ मि.मी. ३०० मि.मी. लांबीचा तुकडा ८० अंशांनी तापला तर अॅल्युमिनियम ०.५५ मि.मी. वाढेल आणि पोलाद ०.२९ मि.मी. पंपाचे कवच अॅल्युमिनियमचे आणि अॅडॅप्टर पोलादी असेल, तर पाव मिलीमीटरची ओढाताण होईल. म्हणून पाटी कवचाच्याच जातीच्या धातूची करतात, एका ठिकाणी खुंटी बसवून जागा पक्की करतात आणि बाकीची भोके किंचित सैल ठेवतात.

चौथे काम सपाट असण्याचे. याची किंमत मी स्वतः मोजली आहे. निर्वात निर्माण करायला प्रयोगशाळांत रूट्स पंपही वापरतात. आमच्याकडच्या एका पंपाला निराळ्या मापाची नळी जोडायची होती. बाहेरून एक कडे कातून घेतले. पट्टीने पाहिले तर सपाट वाटत होते. चारही बोल्ट आवळले, पंप सुरू केला. अर्धा तास सगळे ठीक. मग एक कर्कश आवाज आणि पंप जागीच थांबला. उघडून पाहिले तर पाळ्यांवर ओरखडे. कडे किंचित वाकडे होते. बोल्ट आवळताना कडे सरळ झाले नाही, उलट पंपाचे कवचच त्याच्याबरोबर वाकले. थंड असताना फट पुरली. रोटर तापून फुगल्यावर संपली. सुपरचार्जरमध्ये हेच घडले तर धातूचा कीस थेट इंजिनाकडे जाऊ शकतो. तेव्हापासून मी जोड आवळण्यापूर्वी सपाट काचेवर निळा रंग फासून तुकडा घासतो. जेथे रंग लागत नाही तेथे खोलगट भाग आहे हे लगेच कळते.

मिनीत याखेरीज एक पाचवे कोडे आहे. या गाडीत इंजिनाचे पाणी खेळवणारा पंप सुपरचार्जरच्या टोकाकडून, दात्यांच्या चाकांवर फिरतो. सुपरचार्जर काढला की पाण्याचा पंपही पोरका होतो. जुनी दातेरी जोडणी नव्या पंपाला जशीच्या तशी लावली, तर सुपरचार्जरचा वेग २० टक्के घटल्याने पाण्याचा पंपही २० टक्के सावकाश फिरेल. इंजिन जास्त उष्णता निर्माण करणार आणि पाणी कमी खेळणार! यावर विजेवर चालणारा स्वतंत्र पाण्याचा पंप लावणे हा एक उपाय आहे. पण मुळात हा प्रश्न आहे हे ज्याला दिसले नाही, त्याचे इंजिन उन्हाळ्यातल्या पहिल्याच लांब चढावर उकळेल.

इंजिनाच्या आत

हवा ११ टक्के वाढली तर पेट्रोलही ११ टक्के वाढले पाहिजे. गाडीचा संगणक नळीतला दाब आणि तापमान मोजून पेट्रोल ठरवतो. पण तो जो तक्ता वापरतो तो जुन्या पंपासाठी बनवलेला असतो आणि पेट्रोलाचे फवारेही जुन्या मापाचे असतात. पेट्रोल कमी पडले तर ज्वलन जास्त गरम होते. त्यातून हवा आधीच तापलेली असेल तर संकट वाढते. सिलिंडरमध्ये हवा ८.३ पट दाबली जाते तेव्हा तिचे केल्विन तापमान सुमारे दुप्पट होते. म्हणून आत येणारी हवा २० अंशांनी जास्त गरम असेल, तर ठिणगी पडायच्या वेळी ती सुमारे ४० अंशांनी जास्त गरम असते. मग ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप पेटते, धातूवर हातोडा मारल्यासारखा ठोका ऐकू येतो आणि काही मिनिटांत दट्ट्याला भोक पडू शकते.

वरच्या पंक्तीत बसलेल्या उत्साही विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट सांगावी. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. तेव्हा हा धडा गॅरेजसाठी नसून वहीसाठी आहे.

वर्गात करण्यासारखे

१. सायकलच्या पंपाचे टोक अंगठ्याने जवळजवळ बंद करून वीस वेळा जोरात हवा दाबा. टोकाशी तापमापी टेकवून वाढ नोंदवा. आता तेवढ्याच वेळा सावकाश दाबा. फरक का पडला?

२. दोन रिकामी रिळे खिळ्यांवर फिरती बसवून त्यांवर रबराचा पट्टा चढवा. एक रीळ दोन-तीन मिलीमीटर पुढे सरकवा आणि फिरवा. पट्टा काय करतो?

३. दोन वस्तूंच्या मधली न दिसणारी जागा कशी मोजाल? ओल्या चिकणमातीचे गोळे मध्ये ठेवा, वस्तू जागेवर बसवा, काढा आणि चपट्या झालेल्या गोळ्यांची जाडी मोजा. कसबी कारागीर इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधली जागा अशीच तपासतो.

४. ईटनच्या याच मालिकेत 'एम ९०' नावाचा पंपही आहे. मिनीच्या इंजिनाला मूळ पंपाइतकीच हवा द्यायची, तर एम ९० ला इंजिनाच्या किती पट वेगाने फिरवावे लागेल? गणित एका ओळीचे आहे आणि उत्तर गमतीदार येते. पण खरा प्रश्न त्यानंतरचा : इतका सावकाश फिरणारा पंप मिळत असताना मिनीच्या रचनाकारांनी एम ४५ च का निवडला असेल? गळती, जागा आणि पंपाचे वजन या तीन मुद्द्यांवर मुलांना वाद घालू द्या. उत्तर सांगण्याची घाई करू नका.